शाळेला रंगाचा सातवा हात

अबुरानोच्या प्राथमिक शाळेला रंग हवाय, असं अबुरानोत कधी कोणी म्हटलं नव्हतं. तरीही सहा वर्षांत तिला सहा वेळा रंग लागला होता. दर जुलैत समुद्रापलीकडून दहा-बारा तरुण मुलं सेवा करायला येत, चार दिवस शाळा रंगवत, पाचव्या दिवशी लहान पोरांना कडेवर घेऊन फोटो काढत आणि डोळे पुसत बसमध्ये चढत. मुलं गुणी होती, त्यात वाद नाही. पण सहा थर चढल्यामुळे दारं चौकटीत मावेनाशी झाली होती, खिडक्या एकदा मिटल्या त्या मिटल्याच होत्या आणि एका वर्षी तर उत्साहाच्या भरात दुसरीच्या वर्गातला फळाही निळा झाला होता. दर्शनी भिंतीवर एक जिराफ होता. आमच्या किनाऱ्यावर सात पिढ्यांत कोणी जिराफ पाहिलेला नाही. पण पाहुण्यांनी प्रेमानं काढलेला, म्हणून मुख्याध्यापक एसिल्फी मास्तरांनी चौथीला त्याच्यावर निबंध घातला होता.

मास्तर हे सगळं हसतमुखानं सोसत, कारण पाहुण्यांच्या मागोमाग काही ना काही येई. एका वर्षी बाकं आली, एका वर्षी पाण्याची टाकी. आणि यंदा तर छपराचे पत्रे यायचे होते. मार्चमधल्या एका वावटळीनं अगदी मागे असलेल्या सहावीच्या वर्गाचं छप्पर उचललं आणि पाद्रीबाबांच्या अंगणात नेऊन ठेवलं. तिथे आता त्याच्याखाली कोंबड्या राहतात. तेव्हापासून सहावीची त्रेचाळीस मुलं बदामाच्या झाडाखाली बसत. पाऊस आला की पुस्तकं डोक्यावर धरून ऑफिसच्या पडवीत धावत. सहावी मास्तर स्वतः शिकवत. सरकारकडे अर्ज गेला होता आणि सरकार त्याचा विचार करत होतं. सरकारचा विचार पुरा होईस्तोवर ही मुलं नोकरीला लागतील, असा मास्तरांचा अनुभव होता.

सेवेकऱ्यांची व्यवस्था बघायला राजधानीहून मादाम डझिफा येत. बाई कामाच्या आणि नियमाच्या पक्क्या. चार दिवसांचं काम पुरं झाल्याखेरीज सामानाचा ट्रक उतरवायचा नाही, आणि काम खरोखर गरजेचं असलं पाहिजे, हा त्यांचा नियम. जूनमध्ये त्यांचा फोन आला.

"मास्तर, मागच्या वर्षीचे फोटो बघितले वरच्यांनी. विचारतायत की भिंत चांगली आहे तर रंगवायची कशाला? यंदा जरा गरज दिसू दे."

"दिसेल, मादाम," मास्तर म्हणाले.

आता, एकतीस वर्षं नोकरी झालेल्या, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसानं आपल्याच शाळेची भिंत खरवडावी, ही काही शोभेची गोष्ट नव्हे. पण मास्तर बाह्या सरसावून उभे राहिले. सोबत तिसरीचे तरुण मास्तर कूकू. नारळाची सोडणं, पत्र्याचे तुकडे आणि एक जुना कोयता घेऊन दोघांनी आठवडाभर भिंत खरवडली. सहा वर्षांचे सहा रंग पापुद्र्यापापुद्र्यानं उघडे पडले. जिराफाची मान गेली, पाय तेवढे उरले. शुक्रवारी संध्याकाळी मास्तर दहा पावलं मागे सरले, भिंतीकडे बघितलं आणि त्यांना समाधान वाटलं. इतकी केविलवाणी शाळा साऱ्या जिल्ह्यात नव्हती.

नेमके दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, चौऱ्याण्णव सालच्या बॅचचे माजी विद्यार्थी एका अंत्यविधीसाठी गावात आले. आमच्याकडे अंत्यविधीला सगळं गाव जमतं, आणि दुखवट्याच्या काळ्या-तांबड्या कपड्यांतला माणूस जरा हळवा झालेला असतोच. ते शाळेवरून गेले. बॅचचे अध्यक्ष बंदरात मोठे ठेकेदार होते. त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, भिंतीवर हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण बंगले बांधले आणि जिनं आपल्याला पाढे शिकवले तिची ही दशा, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे फोन फिरवले. मास्तर रविवारी प्रार्थनेहून परत येतात तो शाळेत अठरा रंगारी. संध्याकाळपर्यंत शाळा आतून-बाहेरून दुधासारखी पांढरी, खाली तपकिरी पट्टा. झेंड्याभोवतीचे दगड पांढरे, झाडांची खोडं कंबरेपर्यंत चुन्यानं पांढरी, आणि दारावर संगमरवरी पाटी: चौऱ्याण्णवच्या बॅचकडून प्रेमपूर्वक.

"सर, कसं वाटतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"शब्द नाहीत," मास्तर म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं. पाहुणे यायला आठ दिवस उरले होते.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही आणि सल्ला यायला त्याहून कमी लागतो. पहिले आले शेजारचे बायडू. कस्टममधून निवृत्त झालेले, गावात मानाचे. कुठे चार शब्द बोलायचे असले की आधी त्यांनाच बोलावणं जाई. त्यांनी हातातल्या काठीनं भिंतीला टोचून पाहिलं.

"तेलाचा रंग आहे, मास्तर. दहा वर्षं हलत नाही. धूर द्या. मासे धुरावर सुकवणाऱ्या बायकांना म्हणावं, भट्ट्या इकडे लावा."

बायकांनी सपशेल नकार दिला. इतकी सुंदर भिंत काळी करायची म्हणजे पाप, असं त्यांचं मत पडलं. कूकूंनी सुचवलं, पोरांना चिखलात बुडवलेला चेंडू भिंतीवर मारू द्या. मास्तरांनी पाचवीची मुलं बाहेर काढली आणि भिंतीकडे बोट करून म्हणाले, मारा. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. भिंतीवर चेंडू मारला म्हणून याच मास्तरांनी वर्षानुवर्षं त्यांचे कान पिळले होते. हा काहीतरी डाव आहे, हे त्यांनी ओळखलं. शेवटी मास्तरांनी स्वतः चेंडू मांडला आणि सारी इभ्रत एकवटून लाथ मारली. चेंडू भिंत सोडून स्वयंपाकाच्या खोपटात गेला आणि रश्श्याच्या टोपात पडला. त्या दिवशी शाळा उपाशी राहिली, आणि मास्तर उजवा पाय जपून टाकू लागले.

चुन्यानं आणखी एक काम वाढवलं. सहावीची पोरं बदामाच्या खोडाला टेकून बसत. त्यांच्या पिवळ्या-तपकिरी गणवेशांच्या पाठी पांढऱ्या होऊ लागल्या आणि रोज सकाळी चार आया भांडायला यायला लागल्या.

मास्तर मग जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात गेले. सेवेकऱ्यांच्या कामाच्या मंजुरीच्या कागदावर रंगाऐवजी सुतारकाम, एवढा एकच शब्द बदलून हवा होता. साहेब जागेवर नव्हते. खुर्चीवर त्यांचा कोट होता. कारकून कोटाकडे आदरानं बघत म्हणाला, "बदलता येईल. साठ दिवस लागतात. पण मास्तर, सरकारी इमारत रंगवायला परवानगी कोणी दिली तुम्हाला?"

"मी नाही रंगवली."

"मग तुमच्या डोळ्यांदेखत इमारत सुधारली आणि तुम्ही कळवलं नाही. लेखी खुलासा द्यावा लागेल."

मास्तर खुलासा लिहून देऊन परत आले. बरं, सुतारकाम मिळालं असतं तरी या पाहुण्यांना शिडीची तिसरी पायरी चढायची मनाई होती. विम्यात तसं लिहिलेलंच होतं.

सोमवारी बस आली. त्यातून डेन्मार्कची अकरा मुलं उतरली. त्यांची म्होरकी सिग्ने नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. नाक उन्हानं लाल झालेलं, हातात वही आणि चेहऱ्यावर अशी कळकळ की बघणाऱ्याला अपराधी वाटावं. मागे पत्र्यांचा ट्रक उभा राहिला. मास्तरांनी पत्रे मोजले नाहीत, पण नजर तिकडून हलेना.

पाहुण्यांना झाडाच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन होईतो आमच्याकडे कामाचं बोलत नाहीत. मग यजमानातर्फे जाणता माणूस उठतो, इकडची खुशाली सांगतो आणि पाहुण्याला येण्याचं कारण विचारतो. खुशाली ठरलेली असते. घरात प्रेत ठेवलेलं असलं तरी आधी 'इकडे सगळं क्षेम आहे' असंच म्हणायचं. बायडू खांद्यावरचं वस्त्र सावरत उठले.

"इकडे सगळं क्षेम आहे. शांतता आहे. आम्हाला काही कमी नाही. वाट तुम्ही चालून आलात, तेव्हा काय काम काढलंत ते सांगा."

मागच्या सहा वर्षांतले पाहुणे इथे 'शाळा रंगवायला आलो' म्हणत आणि टाळ्या वाजत. सिग्नेनं आधी भिंतीकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "खरंच काही कमी नाही?"

आता या प्रश्नाला रीतीत जागाच नव्हती. बायडू आणखी मोठ्या आवाजात म्हणाले, "देवाच्या दयेनं सगळं उत्तम आहे."

सिग्नेनं ते वहीत लिहून घेतलं. मास्तरांना मध्येच बोलावंसं वाटलं, पण यजमानाची खुशाली सांगून झाल्यावर यजमानानंच ती खोडायची म्हणजे गावाची लाज काढणं. ते हसत राहिले.

मग ती वर्गावर्गांतून हिंडली. प्रत्येक वर्गात तिनं 'कसे आहात' विचारलं आणि प्रत्येक वर्गानं उठून एका सुरात सांगितलं, "आम्ही मजेत आहोत, आभारी आहोत, आपण कशा आहात?" हे मास्तरांनीच पहिलीपासून घोटून घेतलेलं. झाडाखाली सहावीनंही तेच म्हटलं, सगळ्यांत खणखणीत. सिग्नेचे डोळे चमकले.

"किती छान. आमच्याकडे अशी रानातली शाळा मिळावी म्हणून पालक रांगा लावतात," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम बाहेर बसवता ना यांना?"

मास्तरांनी तोंड उघडलं. पाहुण्याला पाणी पाजून तासही झाला नव्हता. "हवा चांगली असते," ते म्हणाले.

दुपारी मादाम डझिफांनी त्यांना बाजूला घेतलं. पाहुण्या मुलांनी एकमतानं ठरवलं होतं की ही शाळा सुखी आहे, तेव्हा आपली गरज दुसरीकडे आहे. उद्या सकाळी बस आणि ट्रक दोन्ही पलीकडच्या गावी, अन्नान मास्तरांच्या शाळेत जातील. तिथली भिंत फारच वाईट आहे म्हणे. अन्नान मास्तरांनी ती कशी वाईट केली असेल, हे एसिल्फी मास्तरांना कोणी सांगायला नको होतं.

घरी बायकोनं, अराबानं, केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे आणि तळलेला मासा पुढे ठेवला. मास्तरांनी घास चिवडला.

"एकुआचे बाबा, जाऊन सांगा की सरळ," ती म्हणाली. "छप्पर नाही, पत्रे इथेच उतरवा. चार शब्दांचं काम."

"पाहुण्याला पाणी दिलं आणि लगेच हात पसरला, असं करू?"

"हात नका पसरू. खोटं तरी बोलू नका. हवा चांगली असते म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"चार आया येऊन गेल्या."

मास्तरांचा मान दुखावला. ते ताट तसंच ठेवून बायडूंकडे गेले. कोणाची विनवणी करायची तर स्वतः जायचं नसतं, वडीलधाऱ्याला पाठवायचं असतं. बायडू मोठ्या आनंदानं तयार झाले. पाहुण्यांच्या उताऱ्यावर जाऊन ते पाऊण तास बोलले. मोठ्या विनवणीत मागण्याचं नाव उघडं घेत नाहीत, ऐकणाऱ्यानं ते ओळखायचं असतं. एका पंखानं पाखरू उडत नाही, ते म्हणाले. ज्याच्या डोक्यावर ऊन असतं त्यालाच सावली कळते, ते म्हणाले. परत आले ते खुशीतच.

"काय म्हणाली?"

"भारावून गेली. सगळ्या म्हणी लिहून घेतल्या. आशीर्वादाबद्दल दोन वेळा आभार मानले."

मंगळवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. बसच्या टपावर पिशव्या चढत होत्या, ट्रकवाला इंजिन तापवत होता. सिग्ने निरोप घ्यायला बदामाखाली आली. सहावीचा गणिताचा तास चालू होता. मुलं उठली, पाठी पांढऱ्या, आणि तिनं 'कसे आहात' विचारताच त्रेचाळीस गळ्यांतून तेच निघालं, आम्ही मजेत आहोत, आभारी आहोत.

मास्तर खडू हातात घेऊन उभे होते. त्यांनी मुलांकडे बघितलं. एकही चेहरा चुकला नव्हता, एकही सूर हलला नव्हता, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. छप्पर नसल्याची नव्हे. हे पाठांतर आपण करवून घेतलं आणि तेच आता यांचे पत्रे घेऊन चाललंय, याची.

"नाही," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"आमचं बरं चाललेलं नाही, सिग्नेबाई. हा वर्ग हौसेनं बाहेर बसलेला नाही. याचं छप्पर मार्चमध्ये उडालं. मी काल तुम्हाला हवा चांगली असते म्हणालो, ते खोटं होतं. आम्हाला ते पत्रे हवेत."

एवढं बोलायला फार वेळ लागला नाही, पण मास्तर घामाघूम झाले. पडवीत उभे असलेले बायडू दुसरीकडे बघू लागले. सिग्ने लालबुंद झाली. "मग आधी का नाही सांगितलंत?" ती हळूच म्हणाली. याचं उत्तर द्यायला मास्तरांना सारा गाव आणि त्याचे पूर्वज समजावून सांगावे लागले असते.  ती वही उघडून मुलांसमोर बसली. "तुम्ही सांगा. काय बरं नाही?"

मुलांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मानेनंच हो म्हटलं.  मग मागच्या रांगेतली आबा नावाची किडकिडीत मुलगी उठली. "सर, प्लीज, झाडावरून लाल मुंग्या पडतात," ती म्हणाली आणि घाबरून बसली. तिला कोणी रागावलं नाही. तेव्हा एक मुलगा उठला. वाऱ्यानं फळा पडतो, त्याच्या पायावर पडला होता. मग एकदम पाच जण उठले. बकऱ्या वह्या खातात. मुळांवर बसून दुखतं. पहिलीची पोरं येऊन हसतात. पावसात पुस्तकांची शाई पसरते. आणि एकदा वाचा फुटल्यावर कोण थांबतंय, दुसरीचा निळा फळा दिसत नाही, जिराफ भीतीदायक होता, आणि सर भागाकार फार भरभर शिकवतात, हेही निघालं. सिग्नेचं पेन धावत होतं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते.

मादाम डझिफा आल्या, त्यांनी वही वाचली आणि कपाळाला हात लावला. "पण कागदावर काम रंगाचं आहे. रंग झाल्याशिवाय ट्रक उतरत नाही."

हे ऐकून बसच्या टपावर पिशव्या बांधणारा माणूस वरूनच बोलला. तो एरवी गावात सुतारकाम करी. "मादाम, छपराच्या लाकडाला वाळवीचं काळं औषध लावावं लागतं. ब्रशनंच लावतात. आणि ते जमिनीवर ठेवून लावायचं, शिडीबिडी नाही लागत."

मादाम डझिफांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, काळा हाही रंगच आहे. मग त्यांनी वहीतली यादी जशीच्या तशी छापील तक्त्यावर उतरवली, आकडे घातले आणि मास्तरांपुढे धरली. "वरीलप्रमाणे परिस्थिती सत्य आहे. इथे सही."

मास्तरांनी चष्मा लावून शांतपणे यादी वाचली. भागाकाराचं एकोणिसावं होतं. ते वाचून ते जरासे हसले. एकविसावं वाचलं आणि थांबले. आबाच्या शेजारी बसणाऱ्या कोणीतरी हळूच सांगितलेलं असावं. पाऊस आला की पडवीत आम्ही सगळे मावतो, सर मावत नाहीत. ते बाहेर भिजत उभे राहून शिकवतात, नंतर खोकतात, आणि विचारलं तर काही नाही म्हणतात.

"मादाम, हे एकविसावं खोडू या," मास्तर म्हणाले. "याचा छपराशी काही संबंध नाही."

"खाडाखोड चालत नाही. खोडलंत तर तक्ता बाद. नवीन मागवायला साठ दिवस."

"पण हे तितकंसं काही नाही."

"मास्तर, खरं आहे का खोटं, तेवढंच सांगा."

पहिले थेंब पानांवर वाजू लागले. मुलं पुस्तकं डोक्यावर घेऊन पडवीकडे धावली, पाहुणी मुलंही त्यांच्यात शिरली. मास्तर नेहमीच्या जागी, पागोळीच्या बाहेर उभे राहणार होते, पण आतून आठ-दहा हातांनी त्यांचा कोट धरून ओढला आणि कसंबसं एका माणसाला जागा झाली. तिथे, आबाच्या पाठीवर तक्ता टेकवून, मास्तरांनी सही केली.